रस्ता कुणाचा, नदी कुणाची?

पावसाळ्यात हिंजवडीच्या आयटी पार्कातले रस्ते ओढ्यासारखे वाहू लागले की तिथल्या नोकरदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो : तक्रार करायची कुणाकडे? कुणी पिंपरी-चिंचवड महापालिकेचं नाव सुचवतो, कुणी एमआयडीसीचं, कुणी पीएमआरडीएचं. आणि थोड्या वेळानं कुणीतरी वैतागून लिहितो, ‘अरे, हे सगळं एकाच्याच हातात का देत नाहीत?’

प्रश्न रास्त आहे. पण गंमत अशी, की त्याच भागातल्या जुन्या गावकऱ्यांना विचारलं तर बरेचदा बरोबर उलटं ऐकायला मिळतं : ‘आमच्या गावाचं आम्हाला बघू द्या. शहरात गेलो की घरपट्टी वाढणार, आणि काम सांगायला नगरसेवक शोधत फिरायचं.’ हेही खोटं नाही. या दोन वाक्यांमध्ये जो झगडा आहे, तो जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहराचा झगडा आहे. आपण तो पुण्याच्या परिसरातच समजून घेऊ, कारण त्याचे बहुतेक सगळे प्रकार इथं मुळा-मुठेच्या आसपास सापडतात.

१. एका रस्त्याचे धनी किती?

आधी हिंजवडीचा जमाखर्च मांडू. इथं मोठाल्या आयटी कंपन्या आहेत, काचेचे टॉवर आहेत, पण कारभाराच्या कागदावर हिंजवडी, माण, मारुंजी ही हे लिहीत असताना ग्रामपंचायतींची गावं आहेत. आयटी पार्कातले अंतर्गत रस्ते एमआयडीसीचे. गावठाणातले रस्ते आणि कचरा ग्रामपंचायतीचा. माणपासून शिवाजीनगरपर्यंत जाणाऱ्या मेट्रोचं काम पीएमआरडीएचं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं. वाकडला महामार्ग लागतो, तो राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. महामार्ग ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिका सुरू. बस पीएमपीची. आणि चौकात शिट्टी वाजवणारा पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचा, कारण २०१८ मध्ये हे आयुक्तालय झालं तेव्हा हिंजवडी त्यात घेतली गेली.

म्हणजे हिंजवडीत सिग्नल तोडला तर तुम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये, आणि खड्ड्यात पडलात तर नाही.

यात कुणी मुद्दाम घोळ घातलेला नाही. यातली प्रत्येक हद्द कधी ना कधी एखाद्या कारणासाठी आखली गेली. कारखान्यांसाठी एमआयडीसी, गावाच्या कारभारासाठी ग्रामपंचायत, गुन्ह्यांसाठी आयुक्तालय. शहर वाढलं, हद्दी जागच्या जागी राहिल्या. माणूस मात्र कोथरूडमध्ये राहतो, हिंजवडीत काम करतो, त्याची आई चिंचवडला असते आणि त्याच्या घरचा कचरा आणखी तिसरीकडे जातो. त्याचं रोजचं आयुष्य या सगळ्या हद्दी ओलांडून चाललेलं असतं. मत मात्र तो एकाच वॉर्डात देतो.

२. स्वयंपाकघर आणि हौद

जुन्या पुण्यातला वाडा आठवा. दहा-बारा बिऱ्हाडं, मध्ये चौक, चौकात हौद. आमटीत गूळ किती घालायचा, दिवा कधी मालवायचा, भिंतीला रंग कोणता, हा ज्याच्या त्याच्या खोलीतला मामला. त्यात शेजारच्यानं नाक खुपसलं तर भांडण ठरलेलं. पण कुणी हौदाच्या काठावर धुणी बडवायला लागलं, तर ते पाणी सगळ्यांच्याच हंड्यात जाणार. तिथं ‘माझं मी बघीन’ म्हणून चालत नाही. वाड्याला आणखी एक माणूस असे : मालक. तो बहुधा दुसरीकडे राहायचा, भाडं घ्यायचा, आणि हौदाची दुरुस्ती त्याच्या लहरीवर असायची. या मालकाकडे आपण शेवटी येऊ.

शहराच्या कामांची विभागणी अशीच करता येते. कामाचा बरावाईट परिणाम हद्दीच्या आत राहतो का, की बाहेर सांडतो? गल्लीतले दिवे, बाग, वाचनालय, भाजीवाल्यांच्या जागा, पदपथ ही आतली कामं. इथं स्थानिक माणसाला जेवढं कळतं तेवढं दूरच्या अधिकाऱ्याला कधीच कळणार नाही. नदी, धरणाचं पाणी, बस आणि मेट्रो, मोठे रस्ते, कचऱ्याची विल्हेवाट ही सांडणारी कामं.

काही कामं मधोमध चिरली जातात. कचरा घ्या. तो दारातून उचलणं हे अगदी गल्लीच्या पातळीवरचं काम आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ते करते. १९९३ साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली. कोणत्या सोसायटीत सकाळी सातला फाटक उघडतं, कोणत्या घरी ओला-सुका एकत्र करून देतात, हे ढकलगाडी घेऊन येणाऱ्या ताईंना पाठ असतं. ते ज्ञान कुठल्याही प्राधिकरणाच्या फायलीत मावणार नाही. पण तोच कचरा ट्रकमध्ये चढला आणि शहराबाहेर निघाला, की प्रश्न पूर्ण बदलतो. आता तो कुणाच्या तरी विहिरीशेजारी जाणार असतो.

३. आळंदीचा फेस

आळंदीच्या घाटावर कार्तिकी-आषाढीच्या सुमारास गेलात तर कधीकधी इंद्रायणीवर पांढरा फेस दिसतो. लांबून बर्फ पसरल्यासारखा. जवळ गेलं की वास येतो. वारकरी हातानं फेस बाजूला सारतात, डोळे मिटतात आणि बुडी मारतात. वर्तमानपत्रांत दरवर्षी तसेच फोटो येतात, आणि दरवर्षी बातमीच्या शेवटी एकाच अर्थाची वाक्यं असतात : जबाबदारी निश्चित करू, कारवाई करू.

जबाबदारी निश्चित का होत नाही, ते नदीच्या काठानं चालत गेलं की कळतं. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत लोणावळा आणि तळेगावच्या नगरपरिषदा, मावळातल्या ग्रामपंचायती, देहूची नगरपंचायत, मग पिंपरी-चिंचवड, मग आळंदी. त्यातही पिंपरी-चिंचवडच्या भागात नदीचा दक्षिण काठ महापालिकेचा, आणि समोरचा काठ खेड तालुक्यातल्या गावांचा, म्हणजे नियोजनाच्या दृष्टीनं पीएमआरडीएचा. नदी मधून वाहते, हद्दही मधूनच जाते. चिखली-कुदळवाडीच्या नाल्यातून आलेलं पाणी नेमकं कुठल्या कारखान्याचं आणि समोरच्या काठावरून कुठल्या गावाचं, हे पात्रात मिसळल्यावर कोण सांगणार?

आता एक छोटा हिशोब करू. आकडे मनातले आहेत, तर्क मात्र खरा आहे. समजा, वरच्या शहराला सगळं सांडपाणी शुद्ध करायला वर्षाला १०० रुपये लागतात. त्याचा स्वतःच्या रहिवाशांना होणारा फायदा, डास कमी, दुर्गंधी कमी, ३० रुपयांचा. खालच्या गावांना होणारा फायदा, पिण्याचं पाणी, शेती, यात्रा, १५० रुपयांचा. सगळ्या खोऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर १०० घालून १८० मिळतात, काम लगेच करावं. पण वरच्या शहराचा हिशोब वेगळा आहे : १०० घालून ३०. तिथला नगरसेवक दुष्ट असायची गरज नाही. तेवढेच १०० रुपये त्याच्या मतदारांच्या उड्डाणपुलावर घातले तर टाळ्या मिळतात. त्याचे मतदार वरच्या अंगाला राहतात, आळंदीचे लोक त्याला मत देत नाहीत.

मग खालच्या गावानं ७० रुपये देऊन काम करून घ्यावं ना? गावाकडे ७० रुपये नसतात. शिवाय वर एकच शहर नाही, पाच-सहा संस्था आहेत. पाचांनी शुद्धीकरण केलं आणि सहावीनं नाही, तरी फेस यायचाच. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून आपले पैसे वाचवतो. आळंदीला पिण्याचं पाणी आता इंद्रायणीचं नाही, भामा आसखेड धरणाचं येतं. नदी घाटाला टेकलेली आहे आणि पाणी दुसऱ्या खोऱ्यातून आणावं लागतं, ही या हिशोबाची खरी किंमत.

४. पवनेच्या काठी

वरच्या उदाहरणात खालचं गाव सोसतं. उलटंही होतं. शहर खाली असतं आणि त्याची तहान वरच्या गावांवर जाते.

पिंपरी-चिंचवडला बहुतेक पाणी पवना धरणाचं. धरणातून ते नदीपात्रात सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. वाटेत ते मळतं, काही मुरतं, काही उचललं जातं. म्हणून महापालिकेनं थेट धरणातून बंद जलवाहिनी आणायचं ठरवलं. २००८ मध्ये योजना मंजूर झाली, केंद्राच्या नागरी अभियानातून पैसेही मिळणार होते. अभियंत्याच्या नजरेनं पाहिलं तर यात चूक काढायला जागा नाही.

मावळातल्या शेतकऱ्यांच्या नजरेनं मात्र नदीच पाइपात जात होती. नदी वाहती असली तर काठच्या उपसा योजना चालतात, विहिरींना पाझर राहतो. पाणी नळात गेलं की पात्रात काय उरेल, याची हमी कुणी देत नव्हतं. त्यात धरणासाठी जमिनी दिलेल्यांचं पुनर्वसन कित्येक वर्षं रखडलेलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. काम थांबलं. सरकारनं स्थगिती उठवली ती थेट २०२३ मध्ये.

या प्रसंगाकडे बहुधा राजकारणाच्या चष्म्यातून पाहिलं जातं. मला त्यात एक साधी उणीव दिसते. जलवाहिनीचा निर्णय शहरानं शहरापुरता घेतला. धरण पाटबंधारे खात्याचं, पैसे दिल्लीचे, गावं जिल्हा परिषदेकडची. शहराचे आणि मावळचे निवडून आलेले लोक समोरासमोर बसून ‘पात्रात इतकं पाणी बारा महिने राहीलच, पुनर्वसनाचं काम अमुक तारखेपर्यंत, त्या बदल्यात जलवाहिनी’ असा सौदा करू शकतील, असं टेबलच नव्हतं. टेबल नसलं की भांडण रस्त्यावर येतं.

५. मग गावं पोटात घ्या की!

सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे विलीनीकरण. हद्दी पुसा, एकच महापालिका करा. पुण्यानं हा प्रयोग वारंवार केला आहे. १९९७ मध्ये ३८ गावं घेतली, विरोध झाल्यावर त्यातली काही वगळली. २०१७ मध्ये ११ गावं घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. त्यानंतर पुणे महापालिकेचं क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं, मुंबईपेक्षाही मोठं झालं.

यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांची कहाणी वाचण्यासारखी आहे. पुण्याचा कचरा कित्येक दशकं याच गावांच्या शिवारात पडत होता. विहिरींचं पाणी खराब झालं, आगी लागल्या, धूर कोंडला. गावकरी रस्त्यावर बसले की कचऱ्याचे ट्रक अडायचे आणि चार दिवसांत पुण्यातले कोपरे तुंबायचे. शहराला गावं आठवायची ती तेवढ्याच वेळी. २०१७ मध्ये ही दोन्ही गावं पुण्यात आली. आता कचरा टाकणारे आणि सोसणारे एकाच महापालिकेचे नागरिक झाले. आपल्या सिद्धान्ताप्रमाणे प्रश्न सुटायला हवा होता.

झालं उलटं. शहराची कर आकारणी आली, गोदामं आणि दुकानं यांना मोठी बिलं आली. पाणी मात्र टँकरनंच. दीडशेहून अधिक नगरसेवकांच्या सभागृहात दोन गावांचा आवाज किती ऐकू येणार? अखेर गावांनीच बाहेर काढा म्हणून धोशा लावला. २०२२ च्या अखेरीस सरकारनं ते मान्य केलं आणि पुढे दोन्ही गावांची मिळून वेगळी नगरपरिषद झाली. कचरा डेपोचे डोंगर जिथल्या तिथं.

विलीनीकरणानं हौद एक होतो, पण बिऱ्हाडांची स्वयंपाकघरंही एकच होऊन जातात, हा त्यातला दोष. फुरसुंगीच्या गल्लीतला दिवा लावायलाही शिवाजीनगरच्या महापालिका इमारतीत अर्ज करावा लागायचा.

कॅनडातल्या टोरांटोचा अनुभव याच जातीचा आहे. तिथं १९५४ पासून वरती एक महानगर सरकार आणि खाली वेगवेगळ्या नगरपालिका अशी व्यवस्था होती आणि ती बरी चालत होती. १९९८ मध्ये प्रांतिक सरकारनं सहाही नगरपालिका मोडून एकच महाशहर केलं. आधीच्या वर्षी घेतलेल्या जनमतात लोकांनी मोठ्या बहुमतानं नको म्हटलं होतं. खर्च वाचेल हे मुख्य कारण दिलं गेलं. प्रत्यक्षात सहा ठिकाणचे पगार आणि सेवा समान करायच्या म्हटल्यावर त्या सर्वांत वरच्या पातळीवर समान झाल्या, आणि अपेक्षित बचत हाती लागली नाही. खरी थट्टा पुढेच : तोवर वाढ मिसिसागा, ब्रॅम्प्टन अशा बाहेरच्या गावांत पोचली होती. म्हणजे एवढा खटाटोप करून हद्द पुन्हा अपुरीच. पुण्याचंही तेच. तुम्ही आज वाघोली घ्या, उद्या वाढ तिच्या पुढच्या गावात गेलेली असते.

६. दोन पातळ्या

आता तिसरा मार्ग : सगळं एकत्र करायचं नाही, सगळं वेगळंही ठेवायचं नाही. सांडणारी मोजकी कामं वरच्या पातळीला, बाकी सारी खाली.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण लंडन, कारण तिथं हा प्रयोग मोडून पुन्हा उभा केला गेला. १९६५ पासून ग्रेटर लंडन कौन्सिल संपूर्ण शहराचा कारभार पाहत होती. मार्गारेट थॅचर यांचं सरकार आणि डाव्या वळणाची ही कौन्सिल यांचं बिनसलं आणि १९८६ मध्ये कौन्सिल बरखास्त झाली. मग चौदा वर्षं लंडनला शहरभराचं निवडलेलं सरकारच नव्हतं. खाली ३२ बरो, म्हणजे स्थानिक पालिका, आणि जुनं ‘सिटी’, वर केंद्र सरकारची खाती आणि नाना समित्या. १९९८ मध्ये जनमत घेऊन २००० साली नवी व्यवस्था आली : थेट निवडलेला महापौर आणि छोटी विधानसभा. त्यांच्याकडे वाहतूक, पोलीस, अग्निशमन आणि शहराचा ढोबळ आराखडा. शाळा, वाचनालयं, कचरा उचलणं, गल्लीबोळ बरोंकडेच.

फरक काय पडला? पहिले महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी २००३ मध्ये मध्य लंडनमध्ये गाडी आणणाऱ्याकडून गर्दीशुल्क घ्यायला सुरुवात केली. कुठल्याही एका बरोला हे जमलं नसतं, कारण गाड्या बाहेरच्या आणि ओरड आपल्या मतदारांची. संपूर्ण शहराच्या मतांवर निवडून आलेल्या माणसाला ते जमलं, आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा निवडूनही आला.

आपल्याकडे याचा एक तुकडा आहे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या वेगळ्या बससेवा होत्या. २००७ मध्ये त्या एक होऊन पीएमपीएमएल झाली, पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०. निगडीहून कात्रजला जाताना हद्द कुठं बदलली हे प्रवाशाला कळतही नाही, हा त्याचा मोठा लाभ. पण तूट भरायची वेळ आली की दोन्ही महापालिका किलोमीटर मोजू लागतात, आणि हद्दीबाहेरच्या गावांकडे जाणाऱ्या बसचा तोटा कुणी सोसायचा यावर घोडं अडतं. एकत्र सेवा केली, एकत्र उत्पन्न दिलं नाही.

७. पैसा

खरी मेख इथंच आहे. पिंपरी-चिंचवडला एके काळी आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणायची पद्धत होती. तिथले कामगार जास्त हुशार होते म्हणून नव्हे; तिच्या हद्दीत मोटारीचे कारखाने होते आणि कच्च्या मालावर जकात मिळे. त्या कारखान्यांतले कित्येक कामगार पुण्यात, देहू-आळंदीच्या वाटेवरच्या गावांत राहत. त्यांच्या मुलांच्या शाळा, दवाखाने, गटारं यांचा खर्च त्या गावांवर. जकात मात्र कारखान्याच्या गावाला. जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता भरपाईच्या रकमेसाठी महापालिका मुंबईकडे डोळे लावून बसतात. पण हद्दीत काय आहे यावर नशीब ठरणं, हे हिंजवडीच्या बाबतीत आजही दिसतं. हिंजवडीसह सात गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घ्यायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं सरकारदरबारी आहे. त्यात विकासाची कळकळ असेल, मिळकतकराचा वाटाही असेलच.

अमेरिकेत मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांनी यावर मोठी युक्तीची वाट काढली. तिथं उपनगरांतल्या सेप्टिक टाक्यांनी शेजारच्यांच्याच विहिरी नासवल्या, तेव्हा सगळ्या परिसराची सांडपाणी व्यवस्था एका हातात हवी हे पटलं आणि १९६७ मध्ये महानगर परिषद झाली. १९७१ मध्ये आणखी एक कायदा आला. दुकानं आणि उद्योग यांच्या करपात्र मूल्यात त्या वर्षानंतर जी वाढ होईल, तिचा ४० टक्के भाग सामायिक खात्यात टाकायचा आणि गरजेनुसार सगळ्या गावांत वाटायचा.

आपल्या नावांनी करून पाहू. कारखानपूर आणि घरगाव ही शेजारची गावं. कारखानपुरात नवा कारखाना आला, करपात्र मूल्य १००० रुपयांनी वाढलं. पूर्वी सगळे १००० कारखानपूरचे. आता ६०० त्याचे, ४०० खात्यात. लोक दोन्हीकडे सारखेच, पण घरगाव गरीब आहे म्हणून खात्यातले समजा २५० त्याला, १५० परत कारखानपूरला. कारखानपूरकडे अजूनही ७५०, म्हणजे कारखाना आणण्यात त्याचा फायदा आहेच. पण घरगावही उपाशी नाही. आणि कारखाना आपल्याकडे यावा म्हणून दोन्ही गावांनी करमाफीची चढाओढ करायची ओढ कमी होते. जुन्या संपत्तीला हात लावला नाही, फक्त पुढच्या वाढीला लावला, म्हणून श्रीमंत गावांचा विरोध सोसण्याइतका राहिला.

८. मालक आणि भाडेकरू

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग आपल्याकडे पीएमआरडीए आहे की. आहे. ३१ मार्च २०१५ रोजी ते झालं. दोन्ही महापालिकांच्या भोवतीची आठशेहून अधिक गावं स्थापनेच्या वेळी त्याच्या छायेत होती. मेट्रो बांधतं, वर्तुळाकार रस्ता आखतं, इमारतींना परवानग्या देतं. पैसा विकास शुल्कातून आणि जमिनींतून येतो. म्हणजे बांधकाम वाढलं की तिजोरी वाढते. नदी स्वच्छ झाली तर वाढत नाही. हा एक दोष.

दुसरा दोष मोठा आहे. त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री, कारभार पाहणारे महानगर आयुक्त सनदी अधिकारी. हिंजवडीतल्या माणसाला पीएमआरडीएच्या कामाचा राग आला तर तो कुणाला मत देऊन राग काढणार? वाड्याचा तो दूर राहणारा मालक हाच. हौद त्याच्या ताब्यात, बिऱ्हाडांना विचारायचं बंधन नाही. मिनियापोलिसच्या परिषदेवरही हाच आक्षेप आहे, तिचे सदस्य राज्यपाल नेमतात. अमेरिकेतल्याच पोर्टलंडमध्ये मात्र महानगर परिषदेचे सदस्य लोक थेट निवडतात. ती परिषद कचऱ्याची विल्हेवाट पाहते, शहरानं कुठवर पसरायचं याची रेघ आखते, आणि प्राणिसंग्रहालयही चालवते.

आपल्या संविधानात यावर तोड नाही असं नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं, १९९३ पासून, दहा लाखांवरच्या प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे निदान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींच्या प्रमुखांनी आपल्यातूनच निवडायचे. मावळचा सरपंच आणि निगडीचा नगरसेवक एकाच टेबलाशी, तेही हक्कानं. महाराष्ट्रानं त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. पण समितीला ना स्वतःचा पैसा, ना कर्मचारी. बैठक घेणं न घेणं सरकारच्या मर्जीवर. पीएमआरडीएनं २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, हजारो हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२४ च्या अखेरीस आराखडाच रद्द झाला. मार्च २०२२ पासून पुढची कित्येक वर्षं तर दोन्ही महापालिकांत प्रशासक होते. समितीवर निवडून द्यायला नगरसेवकच नव्हते.

माझं मत सांगतो. पुण्याला नव्या प्राधिकरणाची गरज नाही आणि आणखी गावं गिळायचीही नाही. आहे त्या नियोजन समितीला नदी, बस, पाणी आणि कचरा एवढीच चार खाती द्यावीत, पीएमआरडीएनं तिचं कार्यालय म्हणून काम करावं, आणि नव्या उद्योगांच्या करवाढीचा एक हिस्सा तिच्याकडे वळवावा. गल्ली, बाग, बाजार यांना तिनं हातही लावू नये. यात कुठल्याही पक्षाच्या सरकारला रस वाटणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण मुंबईतून शहर चालवण्याची सवय सुटणं सोपं नसतं.

९. प्रदेश म्हणजे किती?

शेवटी एक अडचण उरतेच. प्रदेशाची हद्द कुठं थांबवायची? बसचा प्रदेश म्हणजे जिथपर्यंत लोक रोज ये-जा करतात तो, साधारण चाळीस-पन्नास किलोमीटर. कचऱ्याचा त्याहून लहान असू शकतो. पाण्याचा फार मोठा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जातं. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. सोलापूरकर पुणे महानगर प्रदेशात नाहीत आणि त्यांना त्यात घालणं वेडेपणाचं होईल. बससाठी त्यांचा पुण्याशी काय संबंध?

म्हणून एकच सर्वगुणसंपन्न हद्द शोधण्यात अर्थ नाही. पाण्यासाठी राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्यानं आलं आहे. खडकवासल्याच्या पाण्यातलं पुण्याला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, हा वाद तिथं गेलेला आहे. धरणातून किती उचललं हे तिथं पाहिलं जातं. उचललेलं पाणी कोणत्या अवस्थेत परत दिलं, याचा हिशोब त्याच टेबलावर मागायची सोय झाली, तर सोलापूरला पुण्याच्या सभागृहात जागा नसली तरी चालेल.